नेमबाजी कंटाळवाणी? अंतिम फेरी बघा

'नेमबाजीत टीव्हीवर बघण्यासारखं काय, नुसते आकडे हलतात' असं बरेच जण म्हणतात. पात्रता फेरीपुरतं मान्य. ती मीही बघत नाही. पण ५० मीटर थ्री पोझिशनची, म्हणजे रायफलने तीन स्थितींतून नेम धरायच्या प्रकाराची, अंतिम फेरी वेगळीच भानगड आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेची झाली ती आठवा. तेव्हा आधी गुडघ्यावर बसून १५ गोळ्या, मग पालथं पडून १५, मग उभं राहून १०. तिथे आठातले दोघं बाहेर, आणि पुढे प्रत्येक गोळीला एकेक जण घरी! उभ्याने बंदूक सगळ्यात जास्त हलते, त्यामुळे खरी उलथापालथ शेवटीच होते. आपला कोल्हापूरकर गुडघ्यावर सहावा, पालथं पडून पाचवा. उभा राहिला आणि तिसरा आला. ४५१.४ गुण, कांस्य.

एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे भांडण दशांशांचं. नियम कुणालाच ठाऊक नव्हते, तरी थोड्याच वेळात घरातले सगळे, आईसकट, 'आता साडेदहा तरी पाहिजे' म्हणायला लागले होते. समालोचक मात्र नको तिथे बोलतात, आवाज बंद करून बघा.