ना-नफा म्हणजे धर्मादाय नव्हे

ना-नफा कंपन्यांबद्दल वर कुणीतरी म्हटलंय की त्यांचं सगळं फुकट असतं, आणि कुणी विचारलंय, "नफाच नको तर कंपनी कशाला काढायची?" रसायन उद्योगातलं एक खरंखुरं उदाहरण देतो. अमेरिकेतली ना-नफा संशोधन कंपनी फ्रॅक्शनेशन रिसर्च इन्कॉर्पोरेटेड, म्हणजे एफआरआय. 1952 साली सुरू झाली. आता ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावात त्यांचे डिस्टिलेशनचे, म्हणजे द्रवांची मिश्रणं उकळून वेगळी करायचे, उंच नळीसारखे कॉलम आहेत.

गोम आकारात आहे. प्रयोगशाळेतल्या मनगटाएवढ्या काचेच्या नळीत झकास चालणारं पॅकिंग (वाफ आणि द्रव एकमेकांना भिडावेत म्हणून आत भरलेले तुकडे किंवा जाळ्या) मोठ्या कॉलममध्ये गेलं की नखरे करतं. द्रव सगळीकडे सारखा पसरत नाही, भिंतीकडे पळतो. म्हणून चाचणी मोठ्या कॉलमवरच हवी. त्यांचा कॉलम चार फूट व्यासाचा आहे. सायक्लोहेक्झेन आणि हेप्टेनसारखी द्रवांची ठरलेली जोडी आत उकळायची, वर गेलेली वाफ थंड करून सगळीच्या सगळी परत खाली सोडायची. माल काही बाहेर काढायचा नाही! तोच द्रव फिरवत राहायचा आणि ट्रे (पॅकिंगऐवजी आत बसवलेली भोकांची आडवी ताटली) कधी तुंबतो, कार्यक्षमता किती, ते मोजायचं.

असला कॉलम एकट्याने उभारणं मोठ्या कंपनीलाही जड जातं. म्हणून एरवी एकमेकींचे स्पर्धक असलेल्या कंपन्या वर्गणी भरतात आणि निष्कर्ष वाटून घेतात. आपल्या भिशीसारखंच, फक्त नंबर सगळ्यांचा एकदम लागतो. शिलकीतून लाभांश नाही, पैसा पुन्हा चाचण्यांत.

मात्र ताजे अहवाल सभासदांपुरतेच असतात, त्यामुळे "ना-नफा म्हणजे सगळं फुकट" हा वरचा समज काही खरा नाही.