दीड हजारात मत विकलं म्हणणाऱ्यांना

मध्यममार्गी
काल एकाने इथे लिहिलं, 'महाराष्ट्रातल्या बायकांनी लाडकी बहीण योजनेच्या महिना दीड हजारात मत विकलं, म्हणून २०२४ च्या विधानसभेला महायुतीच्या २३५ जागा आल्या.' खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी महायुतीचा मतदार आहे, लपवत नाही. पण हा आरोप माझ्या पक्षावर नाही, माझ्या आईवर आणि वहिनीवर आहे. याच बायकांनी सहा महिने आधी लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या. तेव्हा त्या सुज्ञ होत्या आणि नोव्हेंबरात विकल्या गेल्या? आघाडीने तर महालक्ष्मी योजनेत महिना ३००० देऊ म्हटलं होतं. पैशावरच मत पडत असेल तर दुप्पट बोली लावणारा हरला कसा?

आता माझ्या लोकांबद्दलही बोलतो. 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. अजित पवारांनी आणि पंकजा मुंड्यांनी प्रचार चालू असतानाच, हे इथे चालणार नाही असं उघड सांगितलं. त्यांनी बरोबर केलं. धर्माच्या नावाने मत मागायला बंदी घालणारं लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १२३(३) शोभेसाठी नाही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांमुळे १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला होता. तेव्हा निवडणूक आयोगाला दात होते.

आणि बहिणींना दीड हजाराचे २१०० करू म्हटलं, त्याचं काय? जाहीरनाम्यात लिहिलं, सभांमध्ये सांगितलं, आणि मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याचा पत्ता नाही. मत मी दिलंय, तेव्हा जाब विचारायचा पहिला हक्क माझा आहे.

कोरडवाहू
बहिणींवर एवढं लिहिलंत, सोयाबीनवर एक ओळ नाही. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४८९२. जाहीरनाम्यात ६००० देऊ म्हणाले. मी १८ क्विंटल घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. त्या पोराने मूठभर दाणे यंत्रात टाकले, १४ आकडा आला. म्हणाला, १२ च्या वर ओलावा चालत नाही, वाळवून आणा. घरी आणून चार दिवस ताडपत्रीवर पसरलं, परत गेलो तर बारदाना संपलेला. शेवटी व्यापाऱ्याला ४०५० ने घातलं. मग १५ नोव्हेंबरला, मतदानाच्या पाच दिवस आधी, केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा १५ वर नेली. तोवर माझं सोयाबीन तेलाच्या गिरणीत पोचलं होतं. हा प्रचार नाही तर काय?

पोलिंग एजंट
मध्यममार्गी, तुमचा जाब विचारणं मत देऊन झाल्यावर सुरू होतं, हीच तर अडचण आहे. घोषणा पटली नाही, तरी बटण तेच दाबलंत ना?

आणि मुळात निकालच खरा धरून चाललाय तुम्ही. संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के, अंतिम आकडा ६६.०५. मधली मतं आली कुठून? यावर बोला आधी.

मध्यममार्गी
बटण तेच दाबलं, कारण समोरच्या बाजूचं राज्य मी अडीच वर्षं पाहिलंय. मत देताना माणूस एका घोषणेवर ठरवत नाही, तुम्हीही ठरवत नसाल.

पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो. मतदान सहापर्यंत आणि पुढे रांग संपेपर्यंत चालतं. लोकसभेला ३० जागा आल्या तेव्हा हीच यंत्रं चालली होती.

पोलिंग एजंट
लोकसभेचं पालुपद बंद करा. मी सकाळी साडेपाचला यंत्र तपासायच्या अभिरूप मतदानापासून रात्रीपर्यंत केंद्रावर बसलो होतो. तुम्ही बोटाला शाई लावून घरी गेलात.

निवृत्त केंद्राध्यक्ष
मी शिक्षक होतो, सात निवडणुका केल्या. शेवटची हीच. मला कुठल्याच पक्षाचं देणंघेणं नाही, पण रांगेबद्दल बोलताय म्हणून सांगतो.

सहा वाजले तेव्हा मी स्वतः रांगेच्या शेवटाला गेलो आणि शेवटच्या माणसापासून सुरुवात करून आकडे घातलेल्या, माझ्या सहीच्या चिठ्ठ्या वाटत पुढे आलो. शेवटापासूनच वाटायच्या असतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. ८१ चिठ्ठ्या झाल्या. शेवटचं मत साडेसातच्या सुमारास पडलं. एक म्हातारी लेकीच्या खांद्याला धरून उभी होती, तिला पुढे घेतलं तर मागचे ओरडले. उपाशीपोटी सगळं निभावलं.

आता हिशेब करा. राज्यात ९.७० कोटी मतदार. पावणेआठ टक्क्यांचा फरक म्हणजे साधारण ७६ लाख मतं. केंद्रं एक लाखाच्या वर. केंद्रामागे ७५-७६ मतं पडतात, तीही पाचनंतरचा अख्खा एक तास धरून. यात अशक्य असं मला काही दिसत नाही. मतं घुसवली म्हणता तेव्हा तुम्ही माझ्यासारख्या लाखभर मास्तरांना चोर म्हणता. ते मी ऐकून घेणार नाही.

पोलिंग एजंट
गुरुजी, तुम्हाला चोर कोणी म्हटलं? पण सरासरी हा पुरावा नाही. तुमच्या रांगेत ८१ होते, माझ्या केंद्रावर सहाला ११ माणसं उभी होती. मग कुठेतरी दीडशे असायला हवेत. त्या रांगा दाखवा. चित्रीकरण आहे ना?

निवृत्त केंद्राध्यक्ष
तुमच्या केंद्रावर १७ सी ची, म्हणजे किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत मिळाली का? मी प्रत्येक एजंटला सही करून दिली. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा असतो. फरक निघाला का?

पोलिंग एजंट
माझ्या केंद्रावर नाही निघाला. प्रत अजून घरात आहे, घडी करून ठेवलेली. पण आमच्या मतदारसंघात कित्येक केंद्रांवर आमचा एजंटच नव्हता.

मध्यममार्गी
म्हणजे कागद घ्यायला तुमचा माणूस नव्हता आणि दोष यंत्राचा. तुमच्या नेत्यांनी बूथवर माणसं का बसवली नाहीत, हा प्रश्न त्यांना विचारलात का कधी?

पोलिंग एजंट
विचारला. तालुक्याच्या बैठकीत उभं राहून विचारला आणि मला खाली बसवलं. झालं समाधान?

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. हरियाणाच्या निवडणुकीचं चित्रीकरण द्या असा आदेश पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने दिला आणि काही दिवसांत, २० डिसेंबर २०२४ ला, निवडणुकीची कागदपत्रं लोकांना बघू देणारा नियम ९३ बदलला. आता ते चित्रीकरण मागायची सोय उरली नाही. मे २०२५ मध्ये आयोगाने सांगितलं, ४५ दिवसांनी नष्ट करा. रांगा खऱ्या होत्या तर दाखवायला काय हरकत?

निवृत्त केंद्राध्यक्ष
४५ दिवस हीच निवडणूक याचिकेची मुदत आहे, म्हणून तो आकडा. याचिका झाली तर जपून ठेवतात. पण कोर्टाचा आदेश आल्याबरोबर नियम बदलायला नको होता. एवढं मान्य. माझी रांग कोणी पाहिली असती तर मला आनंदच झाला असता.

मध्यममार्गी
मलाही तो बदल पटलेला नाही. माझ्या बाजूचा विजय खरा आहे असं मी मानतो, म्हणूनच चित्रीकरण खुलं हवं. पण निकाल खोटा हे अजूनही मान्य नाही.

कोरडवाहू
झालं तुमचं १७ सी? कर्जमाफी देऊ म्हणाले होते. २८ मार्च २०२५ ला अजितदादा बारामतीत म्हणाले, ३१ च्या आत हप्ते भरा. माफी होणार म्हणून आमच्या गावात निम्म्यांनी हप्ता थांबवला होता. तीन दिवसांत पैसे कुठून आणायचे? नंतर थकबाकीदार म्हणून नवं पीककर्जही मिळेना. बियाणं मी बायकोच्या पाटल्या ठेवून आणलं.

मध्यममार्गी
कोरडवाहू भाऊ, सोयाबीनवर लिहायला हवं होतं, चुकलं माझं. कर्जमाफीबद्दल बचाव करण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

सेविका
मी अंगणवाडी सेविका. पुरुष मंडळींनी बायकांच्या मताचा भाव काढला, म्हणून लिहिते. आमच्या गावातले लाडक्या बहिणीचे ३४० फॉर्म मी भरले. दिवसा ॲप उघडायचं नाही. रात्री दीड-दोनला सर्व्हर चालू व्हायचा, तेव्हा ओटीपीसाठी शेजारणींना झोपेतून उठवायचे. फॉर्ममागे ५० रुपये ठरले होते, त्यासाठी मला महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागले.

त्या बायकांनी कोणाला मत दिलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. एवढं पाहिलंय की एकीने पहिल्या ३००० मधून स्वतःच्या चष्म्याचा नंबर काढून घेतला. आठ वर्षं ती तांदूळ अंदाजाने निवडत होती. तिला विकली गेली म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं.

आणि मध्यममार्गी दादा, तुम्ही २१०० चा जाब विचारताय ते ठीक. पण नमो शेतकरी योजनेचे पैसे घेणाऱ्या बाईला आता १५०० ऐवजी ५०० मिळतात. निवडणुकीआधी ही छाननी झाली नव्हती. ती चष्मेवाली रोज पासबुक घेऊन माझ्या दारात येते. तिला काय सांगू ते आधी सांगा.

मध्यममार्गी
ताई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. छाननी आधी केली असती तर इतके फॉर्म भरलेच गेले नसते, हे मलाही कळतं. आमच्या आमदारांच्या कार्यालयात सोमवारी जातोय. कोरडवाहू, तुमची ओलाव्याची पावती असेल तर पाठवा, तीही बरोबर घेतो.

कोरडवाहू
पावती कोण देतो? तोंडी सांगितलं, परत पाठवलं.