मदत हवी आहे: तागाच्या लॅमिनेटला प्रेसचा दाब किती द्यावा?

मंडळी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून, दाबून पॅनेल (लॅमिनेट) बनवतो. फायबरग्लासचं काम बरीच वर्षं केलं, आता एका गिऱ्हाइकाला तेच पॅनेल तागात हवंय. काच दाबली की निमूट बसते, ताग मात्र गादीसारखा परत फुगतो.

आधी व्हॅक्यूम बॅग करून पाहिली, म्हणजे पिशवीतली हवा ओढून घ्यायची आणि बाहेरच्या हवेनेच थर दाबायचे. पण नाशिक पडलं समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. इथे हवेचा दाबच कमी, गेजचा काटा पाऱ्याच्या ७०० मिमीच्या आसपास अडतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला पुरता एक किलोही दाब पडत नाही. म्हणून प्रेसवर आलो.

चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं कापड, ६ थर, ३०० × ३०० मिमीची प्लेट, इपॉक्सी रेझिन, प्रेस ८० अंशांवर. कोरडं कापड १६२ ग्रॅम भरलं. (खालचे दाब प्लेटवरचे आहेत, चौरस सेंटीमीटरला किलोमध्ये. प्रेसचं गेज रॅममधल्या (प्रेस ढकलणाऱ्या दट्ट्यामधल्या) तेलाचा दाब दाखवतं, आमचा रॅम १०० मिमी व्यासाचा. हे कळायला मला दोन दिवस लागले, हसू नका.)

२ किलोला जाडी ४ मिमी, वजन ४२० ग्रॅम. तागाची घनता १.४५ आणि इपॉक्सीची १.१५ धरली तर पोकळी (आत अडकलेल्या बुडबुड्यांची जागा) ७ टक्क्यांच्या जवळ.

७ किलोला ३ मिमी, ३४० ग्रॅम, पोकळी जेमतेम १ टक्का. टिचकी मारली की खणखणीत वाजते.

मग हाव सुटली. १७ किलोला २.६ मिमी, २८३ ग्रॅम. तागाचं प्रमाण (आकारमानाने) ४१ वरून ४८ टक्क्यांवर गेलं खरं, पण कडेला पांढरे कोरडे पट्टे, पोकळी पुन्हा ७ टक्के, आणि हाताने वाकवल्यावर थर सुटले.

दाब वाढवला तर पोकळी कमी व्हायला हवी ना? तागाचा तंतू आतून पोकळ असतो, तो चिरडला गेल्यामुळे हे झालं असेल का?

प्रतिसाद १
तंतू थोडेफार चपटे झालेही असतील, पण कोरडे पट्टे त्याने येत नाहीत. रेझिन पातळ असतानाच पूर्ण दाब दिलात का? तसं केलं की ते कडेने वाहून जातं. मग सगळा भार तागाचा गठ्ठाच उचलतो, उरलेल्या रेझिनवर दाब राहतच नाही आणि बुडबुडे मोकळे सुटतात. आधी १ किलोवर टेकवून ठेवा, रेझिन तार धरू लागलं (घट्ट होऊन काडीला पाकासारखी तार सुटू लागली) की ७ पर्यंत न्या. कडेला ३ मिमीच्या पट्ट्या ठेवा, म्हणजे हाव सुटली तरी प्रेस थांबेल. आणि कापड सुकवता का? पावसाळा आहे.

धागाकर्ता
दाब पहिल्या मिनिटालाच दिला होता, कबूल. सुकवत नव्हतो, गोडाऊनमधून थेट साच्यात. आज सहा तुकडे भट्टीत १०० अंशांवर तीन तास ठेवले. १६२ चे १४८ ग्रॅम झाले. म्हणजे प्लेटमागे १४ ग्रॅम पाणी मी दाबत होतो, आणि वरचं पोकळीचं गणितही पुन्हा मांडावं लागणार. उद्या सुकवलेलं कापड घेऊन, पट्ट्या लावून ७ किलोची प्लेट काढतो. तार धरलेली ओळखायची कशी? ८० अंशांवर काडी बुडवून बघायला वेळच मिळत नाही.