पॅलिओवर कार्ब्ज कुठले खायचे? रताळं चालतं मग साबुदाणा का नाही?

परळकर_पळतोय:
चार महिने झाले पॅलिओ करतोय, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खाणं: धान्य, डाळी, दूध, साखर सगळं बंद आणि मासे, मटण, अंडी, भाज्या, फळं चालू. सुरुवातीला मी कार्ब्ज जवळजवळ सोडलेच होते, आणि दर रविवारी शिवाजी पार्क ते वरळी सी फेस आणि परत पळतो त्यात परतीच्या वाटेवर पाय असे गळायचे की टॅक्सी करून घरी यावं लागायचं. मग कळलं की कार्ब्ज बंद असं पॅलिओत कुठेच नाहीये, ते कुठून घेताय एवढाच प्रश्न आहे. आता पळायच्या आदल्या रात्री दोन उकडलेली रताळी, एरवी सुरण नाहीतर अळकुड्या. माझं मत स्पष्ट आहे, जो कंद जमिनीतून निघाला तसाच बाजारात दिसतो आणि घरी नुसता उकडून भाजून खाता येतो तोच घ्यावा. साबुदाणा, खजुराचे लाडू याला नाही. आई रोज विचारते, उपवासाला चालतं ते तुला का चालत नाही? तुमचं काय मत?

वसईची_लेक:
दादा, रताळं आणि सुरणावरच का थांबलात? थंडीत आमच्याकडच्या बाजारात या, कोनफळ असतं, करांदे असतात. करांदा कडवट असतो म्हणून आमची आजी पाण्यात चुलीतली राख टाकून उकडायची, आणि सुरण घशाला खाजू नये म्हणून चिंच नाहीतर कोकम. कच्ची केळी पण विसरू नका, पिकायच्या आधी त्यात साखर कमी आणि स्टार्च जास्त असतो. सुकेळी मात्र जपून, वाळवल्यावर पाणी जातं आणि साखर तेवढीच राहते, चार-पाच कधी संपतात कळत नाही.

गिरगावचा_वरणभात:
मला मुळातच पटत नाही. अश्मयुगातला माणूस खायचा तसं खा म्हणता, पण रताळं, बटाटा आणि साबुदाण्याचा टॅपिओका हे तिन्ही अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आले. आपला कोणता आदिमानव रताळं खायचा? आणि धान्य तरी कुठे नवीन आहे? गॅलिलीच्या तळ्याकाठी ओहालो इथे २३,००० वर्षांपूर्वीचे रानटी गहू-बार्लीचे दाणे सापडलेत, जॉर्डनमध्ये तर १४,००० वर्षांपूर्वीच्या भाकरीचे जळके तुकडे, म्हणजे शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी. मग आमच्या भातानेच काय पाप केलंय? डाळ सोडायला सांगणं तर मला अन्यायच वाटतो, जी माणसं मासे-मटण खात नाहीत त्यांनी प्रोटीन आणायचं कुठून?

परळकर_पळतोय:
रताळ्याचं मान्य, तिथे इतिहास माझ्या बाजूने नाही. पण कंद खाणं जुनंच आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये १,७०,००० वर्षांपूर्वीचे भाजलेले कंद सापडलेत. १९८५ साली ईटन आणि कॉनर या संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हा विषय मांडला तेव्हाही कार्ब्ज वगळलेले नव्हतेच. मी आदिमानवाची नक्कल करत नाहीये हो, त्या यादीतून एक कसोटी उचलली, पदार्थ किती अख्खा आहे. १०० ग्रॅम रताळ्यात साधारण २० ग्रॅम कार्ब्ज आणि ३ ग्रॅम फायबर, बाकी बहुतेक पाणी. कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कार्ब्ज आणि प्रोटीन जवळपास शून्य, कारण कंदातला नुसता स्टार्च काढून त्याचे गोळे केलेत.

ठाण्याहून_रोज:
कोरड्याची ओल्याशी तुलना करू नका, साबुदाणा भिजून फुगतो. आणि दुसरं, माझ्या बाबांना डायबेटिस आहे, त्यांनी कुठेतरी 'रताळं हेल्दी' वाचून एका वेळी तीन मोठी रताळी खाल्ली आणि दोन तासांनी साखर बघितली तर आम्ही घाबरलो. अख्खा कंद असला तरी शेवटी स्टार्च आहे, पोटात ग्लुकोजच होतं. पळणाऱ्याचं वेगळं, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं वेगळं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कार्ब्ज वरखाली करू नका, हे कळकळीने सांगतेय.

परळकर_पळतोय:
कोरड्या-ओल्याचं बरोबर बोललात ताई, ती तुलना माझी चुकली. प्रोटीन-फायबरचं मात्र भिजवून बदलत नाही. आणि बाबांसाठी तुमचंच ऐकायला हवं, माझं नाही.

लालबागची_काकू:
अरे बाळा, तुझ्या आईचं ऐक की जरा. आणि ऐक, उपवासाला आम्ही वरीचे तांदूळ खातो ते खरं तर धान्यच, राजगिरा गवताच्या कुळातला नाही पण दाणाच, आणि खिचडीतले शेंगदाणे तुझ्या त्या यादीत डाळींबरोबर बसतात. म्हणजे आमचं फराळाचं अर्धं ताट तुला चालणार नाही. साबुदाणा मी रोज थोडाच करते, महिन्यातून दोन एकादश्या, त्यात दाण्याचं कूट, तूप, सोबत दही. एवढ्याने कोणाचं काय बिघडतं? घरचा पदार्थ घरच्यांबरोबर बसून खाण्याला पण काही किंमत आहे ना.

परळकर_पळतोय:
काकू, किंमत आहेच, म्हणून तर आईशी रोज बोलणं होतं. डाळीबद्दल गिरगावकरांचं म्हणणं मी मनावर घेतलंय, मूग परत सुरू करून बघतो. साबुदाण्यावर मात्र ठाम आहे. येत्या एकादशीला आईला रताळ्याचा कीस करायला सांगितलाय, तूप-जिऱ्याची फोडणी आणि कुटाच्या जागी ओलं खोबरं. ती तयार झालीय, खिसणी माझ्याकडे दिलीय.