'टेल': आधी मोजणं की आधी सांगणं?

चौकस: इंग्रजीतल्या 'टेल'चा मूळ अर्थ मोजणं, सांगणं त्यातून निघालं, असं माझं ठाम मत आहे. बँकेत नोटा मोजून देणारा 'टेलर' त्यातलाच. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मिळून. 1611 च्या किंग जेम्स बायबल या इंग्रजी भाषांतरात देव अब्रामाला आकाशातले तारे 'टेल' करायला सांगतो, म्हणजे मोजायलाच. फ्रेंचमध्येही मोजण्याचं आणि गोष्ट सांगण्याचं क्रियापद मोजणीवाचक लॅटिन शब्दातूनच आलं आहे.

मैत्रेयी_क: 'त्यातून निघालं' हे कशावरून? जुन्या इंग्रजीतल्या 'टेलन'मध्ये मोजणं, मानणं आणि कथन करणं हे तिन्ही अर्थ आहेत. आणि फ्रेंचपर्यंत कशाला जायचं? संस्कृतात धातुपाठ, म्हणजे क्रियापदांच्या मुळांची जुनी यादी, 'ख्या'चा अर्थ 'प्रकथने', म्हणजे सांगणं, असा देतो. त्यावरून कीर्तनातलं आख्यान आलं आणि गणितातली संख्याही. म्हणजे इथे सांगण्यातून मोजणं आलं! एकच दिशा सगळ्या भाषांवर लादू नका.

चौकस: संस्कृतचा दाखला चोख आहे, पण त्याने इंग्रजीचं काही ठरत नाही. इंग्रजीच्या सख्ख्या बहिणी पाहा. डचमध्ये 'टेलन' आजही मोजणं. जर्मनमध्ये 'त्सेलन' म्हणजे मोजणं, सांगायचं तर त्याला उपसर्ग जोडून 'एर्त्सेलन' करावं लागतं. उपसर्ग कुठल्या अर्थाला लागला, ते बघा ना.

रानवाट: मुद्दा वाचनाचा आहे हो. सतराव्या शतकातला इंग्रज कवी मिल्टन, त्याच्या 'लालेग्रो' या कवितेत सकाळच्या वर्णनात प्रत्येक मेंढपाळ झुडपाखाली 'टेल्स हिज टेल' असं येतं. शाळेत गोष्ट सांगतो असं शिकवतात. पण आधीच्या ओळींत नांगऱ्या शीळ घालत नांगरतोय, गवळण गात धार काढतेय, गवत कापणारा विळ्याला धार लावतोय. सगळे कामात असताना हा एकटा गप्पा मारेल? तो मेंढरं मोजतोय. 'टेल' म्हणजे मोजदाद, हा अर्थ तेव्हा चालू होता.

मैत्रेयी_क: मला हे पटत नाही. मेंढरं मोजतात ती वाड्यातून बाहेर पडताना, दाराशी उभं राहून. झाडाखाली बसून कळप मोजलेला मी तरी पाहिला नाही. शिवाय कवितेचा सूरच आनंदाचा आहे, हिशेबाचा नाही. जुना अर्थ सापडला की तोच खरा, ही घाई आपल्याकडे फार होते.

रानवाट: बसून कुठे म्हटलंय? 'झुडपाखाली' एवढंच आहे. बाभळीच्या सावलीत उभं राहून खांड, म्हणजे कळप, मोजणारे धनगर मी पाहिलेत.