पुढचे ब्रेक पॅड घरी बदलण्यात गैर काय?

चौदाचा पाना
ब्रेकचं नाव काढलं की 'हात लावू नका' हा सल्ला ठरलेला. पुढच्या पॅडपुरता (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारे तुकडे) तो मला पटत नाही. पॅड बदलताना ब्रेक ऑइलची लाइन कुठेच उघडत नाही, म्हणजे हवा शिरायचा प्रश्नच नाही.

पॅडवरचं घासणारं अस्तर नवीन असताना साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ मिमीवर आलं की बदलायचं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करा, मग जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड. बऱ्याच फ्लोटिंग (पिनांवर सरकणाऱ्या) कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत, खालचा पिनबोल्ट काढला की कॅलिपर वर फिरतो. पूर्ण काढावाच लागला तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, ऑइलच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबकळता ठेवू नका. जुना पॅड पिस्टनवर (कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा दट्ट्या) धरून पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश आत दाबायचा. एक बाजू पूर्ण करूनच दुसरी उघडा. दोन्ही एकदम उघडल्या तर इकडे दाबलेला पिस्टन तिकडचा बाहेर ढकलतो.

घाटउतार
पॅड काढणं-घालणं कुणालाही जमेल. आधीचे पॅड असे का झिजले, हे कोण वाचणार? आतला ३ मिमी आणि बाहेरचा ७ असेल तर बहुधा स्लाइड पिन जाम आहे किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. पॅड तिरका झिजला असेल तर त्याचे कान (दोन टोकं) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड बसतात त्या चौकटीत, गंजाने अडकलेत का ते बघावं लागतं. तिथे नुसते नवीन पॅड घातले की तेही तसेच जाणार.

शिवाय डिस्क. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, पण साध्या व्हर्निअरने मोजलं तर कडेचा न झिजलेला काठ आड येतो आणि माप खोटं, जास्त दाखवतं. मायक्रोमीटर किती जणांच्या घरी असतो?

चौदाचा पाना
डिस्कच्या दोन्ही बाजूंना, काठाच्या आत, एकेक सारखं नाणं धरा, त्यावरून व्हर्निअर लावा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. झालं माप.

पिनचं म्हणाल तर हाताने आतबाहेर सरकवून पाहा. घट्ट असेल तर काढून पुसा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीज लावा. साधं चाकाचं ग्रीज नको, त्याने रबर फुगतं आणि पिन आणखीच अडकतो. ब्रॅकेटचा गंज तारेच्या ब्रशने काढा, पॅडच्या क्लिपा नवीन घाला. यात घरी न होण्यासारखं काय आहे?

ऑइल बदलू
दोघेही ब्रेक ऑइलच्या टाकीबद्दल गप्प! पॅड झिजताना ऑइलची पातळी खाली जाते, आणि मध्येच कुणी टॉप-अप केलं असेल तर पिस्टन दाबताना ते उतू जातं. ब्रेक ऑइल रंग खातं. आधी सिरिंजने थोडं काढून घ्या. आणि पिस्टन दाबताना ब्लीड निपल (कॅलिपरवरची, ऑइल-हवा बाहेर काढायची छोटी तोटी) उघडा, म्हणजे कॅलिपरमधलं काळं ऑइल एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉककडे उलटं जाणार नाही.

चौदाचा पाना
सिरिंज मान्य, निपल नाही. नवख्याच्या हातून हवा शिरते ती तिथूनच, आणि गंजलेला निपल मोडला तर गाडी जागच्या जागी. ऑइल इतकं काळं असेल तर पॅडच्या आधी ते पूर्ण बदलून घ्या.

घाटउतार
सगळ्यात धोक्याचं राहिलंच. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल थेट तळाला जातं. गाडी हलवण्याआधी, इंजिन बंद ठेवून, ते कडक होईपर्यंत दाबत राहायचं. मग ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा बेताचे ब्रेक, मध्ये थंड व्हायला अंतर, पूर्ण न थांबता. गरम डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात तर तिथे अस्तराचा ठसा उमटतो, नंतर पेडल थरथरतं आणि दोष डिस्कला जातो.

टॉर्क पान्याशिवाय (मोजून तेवढ्याच जोराने आवळणारा पाना) तर हात लावूच नये. बऱ्याच गाड्यांत पिनबोल्ट २५ ते ३५ एनएमचा (न्यूटन-मीटर, आवळण्याच्या जोराचं माप) असतो. लांब पान्याने जोर लावला की आटे गेले. आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

चौदाचा पाना
टॉर्क पाना हवाच, त्यावर वाद नाही. पिस्टनचं रबर फाटलेलं किंवा ऑइल पाझरताना दिसलं तर काम तिथेच थांबवायचं, हेही मान्य. म्हणूनच अस्तर ४ मिमी असतानाच उघडून बघा, म्हणजे जुने पॅड परत घालून गॅरेज गाठता येतं. पाझर असेल तर मात्र गाडी टो करूनच न्यायची. पण मायक्रोमीटरची अट मी मानत नाही.