राष्ट्रपतिपदाचा उमेदवार कसा तोलावा? १९६९ च्या निवडणुकीतील तीन राजीनामे

माणगावकर :

राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांची तुलना करताना आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो उमेदवार कोणाचा आहे हा, आणि त्यानंतर तो कोणत्या प्रांतातला वा समाजातला आहे हा. माझ्या मते या पदासाठी त्याहून महत्त्वाची कसोटी वेगळीच आहे : या व्यक्तीने पूर्वी सत्तेचे पद कधी सोडले आहे का, आणि सोडले असल्यास कशासाठी? मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतीला स्वतःचे धोरण राबवता येत नाही. समोर आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी थांबण्याचे धैर्य मात्र त्याच्याकडे असावे लागते, आणि ते धैर्य शपथविधीच्या दिवशी कोणी देत नाही.

१९६९ ची निवडणूक मी मुद्दाम घेतो, कारण तिच्यातील तिन्ही प्रमुख उमेदवारांच्या नावावर एकेक राजीनामा होता. डॉ. झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींची पसंती असलेल्या जगजीवनराम यांना बाजूला सारून लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. गिरी पद सोडून अपक्ष उभे राहिले, तर स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना पाठिंबा दिला.

आता राजीनामे पाहू. गिरी १९५४ मध्ये केंद्रीय मजूरमंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या वादात अपील न्यायाधिकरणाने दिलेला निवाडा सरकारने बदलला, म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयावरून अर्थमंत्रिपद सोडले. लोकसभेत निवेदन करताना ते मुंबईच्या प्रश्नापाशी थांबले नाहीत. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होताच जाहीर झाला आणि मुंबईतील गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, यावर त्यांनी थेट पंतप्रधानांसमोर बोट ठेवले. रेड्डींनी १९६४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्रिपद सोडले, कारण कर्नूल जिल्ह्यातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वागण्याविषयी प्रतिकूल मत नोंदवले होते.

तिन्ही राजीनामे सन्मानाचे आहेत, परंतु त्यांचे वजन सारखे नाही. रेड्डींचा राजीनामा स्वतःवरील ठपक्यामुळे आलेला होता, तर गिरी आणि देशमुख यांनी आपल्याच सरकारला नकार दिला होता. त्यातही देशमुखांचा आक्षेप निर्णय कसा घेतला गेला यावर होता, आणि राष्ट्रपतीने डोळ्यांत तेल घालून पाहायची गोष्ट नेमकी हीच आहे. त्या वर्षी मला मत असते तर पहिली पसंती मी देशमुखांना दिली असती. आपण कोणाला दिली असती, आणि का?

गिरणगाव :

माणगावकर, आपली कसोटी ऐकायला चांगली आहे, पण ती उमेदवाराला त्याच्या काळातून उचलून कोरड्या जागी नेऊन ठेवते. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, त्यावर हंगामी राष्ट्रपती म्हणून गिरींचीच सही होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडले. देशातला सामान्य माणूस या निवडणुकीकडे बँका कोणाच्या, या प्रश्नातूनच पाहत होता. रेड्डींमागे उभे असलेले निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील आणि मोरारजी देसाई यांना पंतप्रधानांवर लगाम हवा होता, आणि दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पा स्वतः जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलत होते. (या निवडणुकीत मतदार उमेदवारांना क्रमाने पसंती देतो, आणि त्याचा उमेदवार बाद झाला की मत पुढच्या पसंतीकडे जाते.) राष्ट्रपती भवनात आपला माणूस बसवून निवडून आलेले सरकार घालवायचे, अशी शंका लोकांना आली तर त्यात नवल नव्हते. अशा वेळी देशमुखांना दिलेले मत कितीही शुद्ध हेतूचे असले तरी दुसऱ्या पसंतीच्या वाटेने ते बहुतांशी रेड्डींच्याच पारड्यात पडणार होते.

शिवाय आपण एक गोष्ट सोडून दिली. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात फेरफार करणाऱ्या सरकारचे अर्थमंत्री खुद्द देशमुख होते. म्हणजे ज्या प्रश्नावर गिरी बाहेर पडले, त्याच प्रश्नावर देशमुख आत राहिले. बँकेच्या कारकुनाला आपण या दोघांतून निवड करायला सांगितली असती, तर त्याला क्षणभरही विचार करावा लागला नसता.

साताऱ्याची वकील :

आपण दोघेही राजीनाम्याला फार महत्त्व देत आहात. राष्ट्रपतीने राजीनामा देऊन काय साधणार? त्याने पदावर राहून प्रश्न विचारणे अपेक्षित आहे. मंत्र्याचे बाहेर पडणे ही निषेधाची शेवटची पायरी असते. राष्ट्रपतीचे काम त्याआधीच्या सगळ्या पायऱ्यांवरचे आहे, आणि त्यासाठी लागणारी चिकाटी वेगळ्या घडणीची असते.

गिरींचेच पाहा. १९५४ मध्ये ज्यांनी सरकारला नकार दिला, त्यांनी राष्ट्रपती झाल्यावर काय केले? सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्यात पडले. त्याच रात्री सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा आदेश हैदराबादेत असलेल्या राष्ट्रपतींपुढे गेला आणि त्यांनी त्यावर सही केली. जे संसदेत मिळाले नाही ते आदेशाने मिळवले जात होते; एक दिवस थांबा, कायदेशीर मत मागवा, एवढे म्हणण्याची जागा तेथे निश्चित होती. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. राय सरन्यायाधीश झाले, त्या नेमणुकीवरही गिरींचीच सही आहे. मग माणगावकरांची कसोटी गिरींच्या बाबतीत टिकली कोठे?

कलम ७४ नुसार सल्ला बंधनकारक आहे, हे मला मान्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तर ते शब्दांतच स्पष्ट केले, आणि ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. त्या मुभेचा उपयोग करणारे के. आर. नारायणन आठवावेत. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी १९९७ मध्ये परत पाठवली आणि १९९८ मध्ये बिहारची, तीही दोन वेगळ्या सरकारांकडे. अब्दुल कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत पाठवले. या दोघांच्या पूर्वायुष्यात मंत्रिमंडळातून गाजलेला राजीनामा नाही. म्हणून मी मत देताना उमेदवाराने कोणती पदे कशी सोडली याऐवजी पदावर असताना कोणत्या कागदांवर त्याने प्रश्न उपस्थित केले, हे शोधले असते.

गोदाकाठ :

या संपूर्ण चर्चेत मतदार कोण होता, याचाच विसर पडलेला दिसतो. राष्ट्रपतीला आपण नागरिक थेट निवडत नाही. खासदार आणि आमदारांचा निर्वाचकगण निवडतो, आणि त्यातील बहुतेक जण पक्षाच्या चिन्हावर लोकांनी निवडून दिलेले असतात. मतदाराने ज्या पक्षाकडे पाहून आपल्याला विधानसभेत पाठवले, त्या पक्षाचा अधिकृत उमेदवार सोडून आपल्या आवडीच्या माणसाला मत देण्याचा नैतिक अधिकार या आमदाराला कोठून मिळतो?

रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते, आणि त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून स्वतः इंदिरा गांधींची सही होती. ज्यांच्या नावापुढे आपण सही केली, त्यांच्याविरुद्ध मत देण्याची वाट पक्षाच्या सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने मोकळी करून देणे, हा शब्द मोडण्याचा प्रकार आहे, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली तिचे बीज येथेच पडले. यशवंतराव चव्हाण पुढे इंदिरा गांधींबरोबर राहिले, तरी बंगळूरच्या बैठकीत त्यांनी रेड्डींच्या बाजूने मत दिले होते. त्या टप्प्यावर त्यांची भूमिका मला सर्वांत सरळ वाटते. माझी पहिली पसंती रेड्डींना गेली असती.

बडोदेकर :

माझा मुद्दा लहान आहे, पण तो मनापासून मांडतो. मुंबईसाठी ज्यांनी केंद्रातले दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे पद सोडले, जे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि कुलाब्याने (आजच्या रायगड जिल्ह्याने) ज्यांना १९५२ मध्ये लोकसभेत पाठवले, ते चिंतामणराव उभे असताना महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराने पक्ष बाजूला ठेवायला हवा होता. २००७ मध्ये शिवसेनेने राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही भैरोसिंह शेखावतांऐवजी प्रतिभाताई पाटील यांना मते दिलीच ना? मग १९६९ मध्ये महाराष्ट्राचे हात कोणी बांधले होते?

साताऱ्याची वकील :

बडोदेकर, देशमुखांविषयीचा आपला आदर मलाही आहे, परंतु आपण दिलेली कारणे आणि आपला निष्कर्ष यांचा मेळ बसत नाही. रिझर्व्ह बँक आणि मुंबईसाठीचा राजीनामा ही त्यांची पात्रता आहे, आणि ती पंजाबच्या किंवा केरळच्या आमदारालाही तेवढीच लागू होते. ते मराठी आहेत म्हणून मत द्यायचे असेल, तर आंध्रच्या आमदाराने रेड्डींना मत दिल्यावर आपण तक्रार कशी करणार?

गोदाकाठ यांच्यासाठीही एक गोष्ट लिहिते. घटनेने हे मतदान गुप्त ठेवले आहे आणि या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदाराने पक्षाच्याच उमेदवाराला मत द्यावे, हे बंधन घटनाकारांना हवे असते तर त्यांनी मतपत्रिका उघडी ठेवली असती.

माणगावकर :

सर्वांना एकत्र उत्तर देतो.

गिरणगाव, १९५४ चा आपला मुद्दा वजनदार आहे आणि तो मी तोलूनच पहिली पसंती देशमुखांना देतो. देशमुख भांडवलदारांचे उमेदवार होते, असा सूर आपल्या लिखाणात आहे, म्हणून आठवण करून देतो की इम्पीरियल बँकेचे १९५५ मध्ये स्टेट बँकेत रूपांतर झाले आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला, ही दोन्ही कामे त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळातली आहेत. पाठिंबा कोणी दिला यावरून उमेदवाराची ओळख ठरवली, तर अपक्ष गिरींनाही केवळ पंतप्रधानांची सावली म्हणावे लागेल, आणि ते अन्यायाचे होईल.

वकीलताई, हैदराबादच्या सहीबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. परंतु ऑगस्ट १९६९ मध्ये मत देणाऱ्यासमोर सप्टेंबर १९७० नव्हता. त्याच्यासमोर होते ते उमेदवारांचे आधीचे वागणे. पदावर असताना उपस्थित केलेले प्रश्न शोधावेत, ही आपली कसोटी माझ्या कसोटीहून सरस असेलही, पण मंत्रिमंडळातले प्रश्न बंद दाराआड विचारले जातात आणि मतदाराला ते फार उशिरा कळतात. राजीनामा उघड असतो, म्हणून मी त्याला धरून बसलो आहे.

गिरणगाव :

मग एका प्रश्नाचे सरळ उत्तर द्या. देशमुख निवडून येणार नाहीत, हे मतदानापूर्वीच दिसत होते. खरी लढत दोघांत होती. आपली दुसरी पसंती कोणाला? उत्तर देताना १९७९ विसरू नका. १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झालेल्या याच रेड्डींनी, लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेल्या चरणसिंगांच्या सल्ल्यावरून लोकसभा विसर्जित केली आणि बहुमताचा दावा करणाऱ्या जगजीवनराम यांना संधी दिली नाही.

माणगावकर :

१९७९ मी येथे धरणार नाही. जो न्याय गिरींच्या हैदराबादच्या सहीला लावला तोच रेड्डींनाही लावला पाहिजे. त्यांच्याविरुद्ध संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात निनावी पत्रके वाटली गेली, तीही मी बाजूला ठेवतो. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, गिरींनी राष्ट्रपती असताना स्वतः न्यायालयात जाऊन साक्ष दिली आणि त्यांच्या निवडीला आव्हान देणारी याचिका फेटाळली गेली.

आता आकडे पाहू. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते होती. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. देशमुख आणि इतर बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरून रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, तर गिरींना केवळ १८,५६२. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते, म्हणजे अखेरच्या मोजणीत तेरा खासदारांचे मत गिरींकडून रेड्डींकडे वळले असते तर निकाल उलटला असता. कोणाच्याही पारड्यात न पडता बाद झालेल्या मतपत्रिकांचे मूल्य १०,८३३ होते. ती सगळी मते रेड्डींना गेली असती तरीही गिरीच जिंकले असते.

म्हणून देशमुखांना दिलेले मत म्हणजे आपोआप रेड्डींना दिलेले मत, हे मला मान्य नाही. देशमुखांच्या मतदाराला दुसरा क्रमांक लिहिण्याची पूर्ण मोकळीक होती आणि थोड्या लोकांनी का होईना, तो गिरींसमोर लिहिला. मीही तोच लिहिला असता, १९५४ साठी. तिसरा क्रमांक रेड्डींच्या नावासमोर लिहिला असता, आणि गोदाकाठ यांनी सांगितलेल्या अर्जावरील सहीमुळे तो लिहिताना मला वाईटही वाटले असते.